चिनी प्रेक्षक आणि हॉलिवूडचा उत्तरार्ध

ऑक्टोबर २०१५ मध्ये चीनच्या प्राचीन भिंतीच्या पायऱ्यांवर पांढऱ्या चिलखतातील पाचशे शिपायांचे पुतळे ओळीने उभे करण्यात आले. 'स्टार वॉर्स'च्या सातव्या भागाची ती जाहिरात होती. जानेवारी २०१६ मध्ये चित्रपट तेथे लागला आणि सुमारे १२ कोटी डॉलरांवर थांबला. अमेरिकेत त्याने ९३ कोटींहून अधिक मिळवले होते. उलट, २०१४ मध्ये 'ट्रान्सफॉर्मर्स'च्या चौथ्या भागाने चीनमध्ये सुमारे ३२ कोटी डॉलर कमावले. अमेरिकेत जेमतेम साडेचोवीस कोटी. एवढे अंतर कशाने पडले?

नेहमीचे उत्तर असे, की चिनी नट-नट्या घ्याव्यात, चिनी निसर्ग दाखवावा, म्हणजे प्रेक्षक भुलतो. 'ट्रान्सफॉर्मर्स'मध्ये ली बिंगबिंग होती आणि वुलोंगचे डोंगरही होते, हे खरे. (वुलोंगचे नाव पडद्यावर आलेच नाही म्हणून तेथील पर्यटन कंपनी पुढे कोर्टात गेली, हा भाग निराळा.) पण २०१३ मध्ये 'आयर्न मॅन'च्या तिसऱ्या भागाला केवळ चीनसाठी काही प्रसंग जोडले, तेव्हा तिथल्याच प्रेक्षकांनी त्यांची थट्टा केली. खुशामत ओळखण्याइतका प्रेक्षक सर्वत्र शहाणा असतो.

मला कारण इतिहासात दिसते. पहिला 'स्टार वॉर्स' १९७७ चा. सांस्कृतिक क्रांती संपून तेव्हा वर्षही धड झाले नव्हते. ते पहिले तीन चित्रपट चीनच्या चित्रपटगृहांत त्या काळी लागलेच नाहीत. शांघायच्या महोत्सवात ते दाखवले गेले ते २०१५ साली. उत्पन्नात वाटा देऊन परदेशी चित्रपट आणण्याची पद्धत तेथे १९९४ मध्ये सुरू झाली, तीही वर्षाला दहाच. त्यातला पहिला 'द फ्युजिटिव्ह'. पुढे जागतिक व्यापार संघटनेतील प्रवेशानंतर ही संख्या वीस झाली, आणि २०१२ मध्ये चौतीस. आता सांगा, पूर्वार्ध ज्या गावी लागलाच नाही, तेथे उत्तरार्धाला कोण रडणार?

'ट्रान्सफॉर्मर्स' मात्र दुसऱ्या दाराने आत आले होते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ही व्यंगचित्रमालिका चीनच्या दूरचित्रवाणीवर लागली आणि पाठोपाठ खेळणी आली. ती पाहणारी बहुतेक शहरी मुले घरात एकुलती एक होती, आणि खेळणे आईबापांच्या पगाराच्या मानाने महागच. मालिकेचे चिनी नाव 'बिआनशिंग जिंगांग'. यातले 'जिंगांग' म्हणजे बौद्ध ग्रंथांतून तिकडे गेलेल्या आपल्या 'वज्रा'चे भाषांतर. रूप बदलणारे वज्रधारी, असा अर्थ. लोखंडी परदेशी पाहुण्यांना याहून घरगुती नाव कोणते मिळाले असते? २०१४ पर्यंत ती मुले तिशीत आली होती आणि तिकिटाचे पैसे आता त्यांच्या स्वतःच्या खिशात होते.

'फास्ट अँड फ्युरिअस'ची कथा थोडी वेगळी. २००९ मध्ये चीन मोटारींची जगातील सर्वांत मोठी बाजारपेठ बनला. घरात पहिलीच गाडी आणणाऱ्या पिढीला गाड्यांचा आणि जिवाभावाच्या मित्रांचा हा चित्रपट आपला वाटला. २०१५ च्या सातव्या भागाने तेथे सुमारे ३९ कोटी डॉलर मिळवले, अमेरिकेहून अधिक. त्यात चिनी सरकारी चित्रपट कंपनीचे भांडवल होते, हे लपवण्यात अर्थ नाही. परवानगी आणि प्रदर्शनाची तारीखही सरकारच्याच हाती. पण तारीख 'स्टार वॉर्स'लाही मिळालीच होती.

'आयर्न मॅन' २००८ मध्ये चीनमध्येही पडद्यावर आला होता. मग पडदे वाढत गेले, २०१६ अखेर ४१ हजारांवर पोहोचले, आणि शाळकरी मुले त्या कथेबरोबर मोठी झाली. २०१९ मध्ये 'अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम' अमेरिकेच्या दोन दिवस आधी तेथे लागला आणि त्याने ६२ कोटींवर डॉलर मिळवले. त्यांच्यापुरता या उत्तरार्धाला पूर्वार्ध होता.

'स्टार वॉर्स'वाल्यांनाही हे उमगले असावे. २०१८ मध्ये हान सोलोवरचा चित्रपट चीनमध्ये आणताना त्यांनी त्याच्या चिनी नावातून 'स्टार वॉर्स' हे शब्दच काढून टाकले.