जुनं मॉडेल घ्यावं की नव्यासाठी थांबावं? १९२७ची फोर्ड आणि आमच्या घरातला वाद

आजचा भाग थोडा घरगुती आहे. कारण तो सुरू होतो आमच्या डायनिंग टेबलवर आणि जातो थेट १९२७च्या डेट्रॉइटला.

झालं असं, की गेल्या वर्षी आम्ही घरातली पहिली गाडी घ्यायची ठरवली. मॉडेल ठरलं, रंगही ठरला. शोरूममधला मुलगा म्हणाला, "सर, यावर पंचावन्न हजार डिस्काउंट देतो, कारण दिवाळीच्या आसपास हिचं नवीन मॉडेल येतंय." झालं! मी म्हटलं, थांबू या. बाबा म्हणाले, "गाडी समोर उभी आहे, परवडतेय, मग थांबायचं कशाला?"

मी सॉफ्टवेअरवाला. पुढचं व्हर्जन येतंय म्हटल्यावर आत्ताचं कोण घेईल, हा माझा सरळ हिशोब. मी एक्सेल उघडलं. डिस्काउंट, रिसेल, फीचर्स, सगळं त्यात भरलं. दर रविवारी वाद व्हायचा आणि दर रविवारी "पुढच्या आठवड्यात बघू" यावर संपायचा. असे चार महिने गेले. त्या काळात मी या प्रश्नाचा इतिहास वाचायला लागलो, आणि लक्षात आलं की बाबांचं आणि माझं भांडण गाडीवरून नव्हतंच मुळी.

आता फोर्डकडे येऊ. मॉडेल टी बाजारात आली १९०८ मध्ये, किंमत ८५० डॉलर. १९१३ मध्ये हायलंड पार्कच्या कारखान्यात चालती असेंब्ली लाइन सुरू झाली आणि किंमत उतरत गेली. १९२५ मध्ये सगळ्यात साधी टी २६० डॉलरला मिळत होती. एकूण दीड कोटीहून जास्त गाड्या बनल्या. आणि गंमत म्हणजे एकोणीस वर्षं मूळ गाडी तीच. हेन्री फोर्डचं म्हणणं साधं होतं: चांगली गाडी एकदा बनवली, आता ती स्वस्त करत राहायची.

म्हणजे बघा, "नवीन मॉडेल येईपर्यंत थांबू का" हा प्रश्न टीच्या गिऱ्हाइकाला बरीच वर्षं पडलाच नाही. थांबलात तर तीच गाडी आणखी स्वस्त मिळायची, एवढंच.

हा प्रश्न लोकांच्या डोक्यात घातला तो जनरल मोटर्सने. १९२३ मध्ये आल्फ्रेड स्लोन तिथे अध्यक्ष झाले. त्यांचं धोरण असं, की प्रत्येक खिशाला परवडेल अशी वेगळी गाडी हवी आणि गाडीचं रूप वरचेवर बदलत राहायला हवं. १९२७ मध्ये त्यांनी हार्ली अर्ल नावाच्या डिझायनरच्या हाताखाली गाडीचा आकार आणि रंग यांसाठी स्वतंत्र विभागच काढला. तुमच्या दारातली गाडी धड चालते आहे, पण शेजाऱ्याची नवी दिसते आहे, ही रुखरुख त्यांना हवीच होती. दिवाळीची वाट बघणारा मी म्हणजे स्लोनसाहेबांचं आदर्श गिऱ्हाईक!

इकडे टीचा खप घसरत गेला. शेवटी मे १९२७ मध्ये फोर्डने टी बंद करत असल्याचं जाहीर केलं. आणि पुढची गाडी? ती अजून तयारच नव्हती. कारखाने थांबले, यंत्रं बदलायला घेतली, हजारो कामगार घरी बसले. नवी मॉडेल ए लोकांना दिसली ती २ डिसेंबर १९२७ला. म्हणजे मधले सहा महिने जगातल्या सगळ्यात मोठ्या गाडीवाल्याकडे नवं विकायला काही नव्हतं. नंतरही उत्पादन हळूहळू वाढलं, त्यामुळे पुष्कळांना १९२८ मध्येही वाट बघावी लागली. या गडबडीत त्या वर्षी शेवरोलेने खपात फोर्डला मागे टाकलं.

आता स्वतःला एप्रिल १९२७ मध्ये नेऊन बसवा. नवी फोर्ड येणार अशी कुजबुज आहे आणि समोर टी उभी आहे. काय कराल?

थांबलेल्यांना खरंच चांगली गाडी मिळाली, हे मान्य करायला हवं. टीचं इंजिन २० हॉर्सपॉवरचं, एचं ४०चं. टीमध्ये गिअर पायातल्या पेडलने बदलायचा आणि अ‍ॅक्सिलरेटर म्हणजे स्टिअरिंगखालची दांडी. टीचा पायातला ब्रेक गिअरबॉक्समध्ये लागायचा. एमध्ये चारही चाकांना ब्रेक आले आणि पुढची काचही सुरक्षित प्रकारची आली. हा बदल नुसता चेहऱ्याचा नव्हता. ज्यांच्याकडे चालती गाडी होती त्यांनी थांबून शहाणपणाच केला.

पण ज्याच्याकडे गाडीच नव्हती त्याचं काय? दवाखाना दहा मैलांवर असलेल्या शेतकऱ्याला डिसेंबरातल्या चार ब्रेकांचा जूनमध्ये काय उपयोग? आणि टी घेणारा फसला असंही झालं नाही. लाखो टी रस्त्यावर होत्या, त्यामुळे सुटे भाग मिळत राहिले. फोर्डने टीचं इंजिन १९४१ पर्यंत बनवलं. गाडी बंद झाल्यावर चौदा वर्षं!

आता बाबांच्या बाजूचा इतिहास. तो डेट्रॉइटचा नाही, कुर्ल्याचा आहे. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनायला लागली. इटलीत फियाटने १९६६ मध्येच त्या गाडीच्या जागी पुढचं मॉडेल आणलं. आपल्याकडे सत्तरच्या दशकात नाव बदलून तिची प्रीमियर पद्मिनी झाली आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटापर्यंत ती बनत राहिली. लायसन्स राजमध्ये किती गाड्या बनवायच्या हे सरकार ठरवायचं, त्यामुळे पैसे भरून वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट बघायची. लोक थांबायचे ते नव्या मॉडेलसाठी नाही, गाडीसाठी. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि १९८६ मध्ये तिचं नव्या आकाराचं मॉडेल आलं, तेव्हा कुठे आपल्याकडे जुनी का नवी हा प्रश्न उगवायला लागला.

बाबा त्या रांगेच्या काळात वाढले. समोर उभी आहे ती घ्यावी, उद्याचं कुणी बघितलंय, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. आणि मी दर वर्षी फोनचं नवं मॉडेल बघत वाढलो. दोघंही आपापल्या सवयीला अक्कल समजत होतो.

वाद कसा मिटला ते सांगतो. माझी आजी वाईला असते. तिच्या डोळ्यात ठरावीक अंतराने इंजेक्शन द्यावं लागतं, त्यासाठी ती पुण्याला येते. एसटीचा प्रवास आता तिला झेपत नाही, म्हणून आम्ही भाड्याची गाडी सांगायचो. मेमध्ये ती गाडी ऐन वेळी आलीच नाही. डॉक्टरांची पुढची तारीख मिळाली पंधरा दिवसांनी. आजी फोनवर मला म्हणाली, "असू दे रे, एवढं काही नाही." पण त्या पंधरा दिवसांत तिला पोथीतली अक्षरं वाकडी दिसायला लागली होती, हे तिने आम्हाला नंतर सांगितलं.

माझ्या एक्सेलमध्ये अठरा कॉलम होते. थांबण्याचा खर्च हा कॉलम नव्हता.

त्या रात्री मी दोनच प्रश्न लिहिले. एक, बदल टी आणि एसारखा आहे की स्लोनसाहेबांसारखा? म्हणजे ब्रेक, इंजिन, सुरक्षा बदलतेय की नुसता चेहरा? दोन, मधल्या काळात आमचं काम कशावर चालणार? पहिल्याचं उत्तर निघालं: इंजिन तेच, गिअरबॉक्स तोच, एअरबॅग आत्ताच्या गाडीतही सहा. नवीन काय, तर पुढची जाळी, दिवे आणि मोठा स्क्रीन. दुसऱ्याचं उत्तर आजीने दिलंच होतं.

जूनमध्ये जुनं मॉडेल घेतलं. घेताना गाडी कोणत्या महिन्यात बनलीय ते तपासलं. रिसेलला थोडा फटका बसणार, हे धरूनच घेतलं, कारण गाडी आठ-दहा वर्षं तरी विकायची नाहीये. तुमच्या दारात चालती गाडी असेल आणि नव्या मॉडेलमध्ये खरंच काही सुधारत असेल, तर मी तुम्हाला थांबाच म्हणेन. सगळ्यांना एकच उत्तर लागू नाही.

दिवाळीत नवं मॉडेल आलं. दिसायला खरंच सुंदर आहे, थोडं वाईट वाटलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं, पण काही बोलले नाहीत. तोवर आजीच्या चार फेऱ्या वेळेवर झाल्या होत्या.

तुमच्या घरी असा वाद झालाय का? कोण जिंकलं ते जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.