सांध्यावरचा रबरी बूट

मोटारीच्या सस्पेन्शनमध्ये, म्हणजे चाकांना सांगाड्याशी जोडून रस्त्याचे धक्के सोसणाऱ्या यंत्रणेत, जेथे दोन भाग एकमेकांवर फिरतात तेथे ग्रीस लागते, आणि त्याच ग्रीसला धूळ चिकटली की ते वंगण न राहता पोलाद झिजवू लागते. ही अडचण मोटारीइतकीच जुनी आहे. तिच्यावरचा रबरी उपाय मात्र उशिरा स्थिरावला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बहुतेक गाड्यांची पुढची चाके किंगपिनवर, म्हणजे जवळजवळ उभ्या पोलादी खिळीवर, वळत असत, आणि ग्रीसगनने नवे ग्रीस भरून त्याच्या दाबाने जुने, मातकट ग्रीस बाहेर काढणे हाच धुळीवरचा नित्याचा इलाज होता. काही गाड्यांच्या पाटा-स्प्रिंगांवर चामड्याची आवरणे बांधत, परंतु वारंवार भिजून सुकलेले चामडे आखडते आणि शिवणीतून पाणी आत शिरते.

चित्र पालटले ते बॉल जॉइंटमुळे. वाटीत बसवलेल्या गोल टोकाचा हा सांधा चाकाला वर-खाली आणि डावी-उजवीकडे अशा दोन्ही हालचाली करू देतो. अमेरिकेत १९५२ च्या लिंकन गाडीत आणि १९५४ पासून फोर्डमध्ये तो पुढच्या सस्पेन्शनला आला. प्रत्येक दिशेला हलणारा असा सांधा झाकायला आवरणही तितकेच लवचीक हवे, आणि ते रबराचेच असू शकत होते. या रबरी आवरणालाच बूट म्हणतात.

तथापि रबर म्हटले की प्रश्न मिटला असे नव्हते. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये शोधलेल्या व्हल्कनायझेशनने, म्हणजे गंधकाबरोबर तापवण्याच्या प्रक्रियेने, नैसर्गिक रबर टिकाऊ झाले खरे, पण खनिज तेलात ते फुगते आणि हवेतील ओझोनने त्याला चिरा पडतात. या चिरा ताणलेल्या रबरालाच पडतात, आणि बुटाचे तोंड तर ज्या खाचेवर बसायचे तिच्यापेक्षा मुद्दाम लहान केलेले असते, कारण तो ताणच धूळ-पाण्याला अडवतो. ज्या घट्टपणासाठी बूट बनवायचा तोच त्याचे आयुष्य खातो, हा या वस्तूच्या इतिहासातला खरा पेच होय. ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत १९३० मध्ये तयार झालेले निओप्रीन हे कृत्रिम रबर तेल आणि ओझोन या दोहोंपुढे अधिक तग धरणारे निघाले, आणि पुढे मोटारींच्या बुटांसाठी त्याचा मोठा वापर झाला. अशा बंदिस्त सांध्यांच्या बळावरच १९६१ च्या फोर्ड गाड्यांना ३०,००० मैल, म्हणजे सुमारे ४८,००० किलोमीटर, खालच्या भागात ग्रीस भरावे लागणार नाही असे सांगता आले.

ग्रीस मारण्याचे काम कमी झाले, पण बूट चढवण्याचे नवे कौशल्य त्याच्या जागी आले. जाणता मिस्त्री बूट गरम पाण्यात टाकून मऊ करतो, सांध्याची खाच पुसून कोरडी करतो, आणि बुटाच्या कडेएवढ्याच व्यासाचा पाइपचा तुकडा वर धरून ती कड सर्व बाजूंनी एकदम खाली दाबतो, मगच तारेचे कडे खाचेत बसवतो. स्क्रूड्रायव्हरने एकेक बाजू उचकटून बूट बसवता येतो, पण त्याच्या टोकाने पडलेला बारीकसा ओरखडा ताणाखाली वाढत जातो आणि काही महिन्यांत बूट तेथेच फाटतो.

१९५९ च्या ब्रिटिश मिनीने पुढच्या चाकांना इंजिनाची शक्ती देणाऱ्या छोट्या गाड्यांचा मार्ग रुळवला, आणि चाकाबरोबर गरगर फिरणारा एक्सलचा बूटही त्या मार्गाने सर्वत्र पोहोचला. अँबॅसेडर आणि कुर्ल्याला बनणारी पद्मिनी या गाड्यांची शक्ती मागच्या चाकांना जात असल्यामुळे भारतीय गॅरेजांना तो खऱ्या अर्थाने परिचित झाला १९८३ च्या मारुती ८०० नंतर. घड्या पाडलेल्या नळीसारख्या या बुटाचे अरुंद तोंड रुंद सांध्यावरून ओढण्यासाठी गुळगुळीत शंकूचा उपयोग करतात. शंकू नसेल तर एक्सल काढून सांधा सुटा करावा लागतो.

आज अनेक गाड्यांत बॉल जॉइंट लोअर आर्मसह, म्हणजे चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्यासह, अखंडच विकला जातो आणि नुसता बूट मागणाऱ्याला तो सहज मिळत नाही, ही उधळपट्टी आहे. बूट नुकताच फाटला असेल, आतले ग्रीस स्वच्छ असेल आणि सांध्याला खेळ नसेल, तर बूट तेवढा बदलणे पुरेसे असते. मात्र वाळू शिरून झिजलेल्या सांध्यावर नवा बूट चढवणे गैर आहे, कारण त्याने दोष झाकला जातो आणि चाक निखळण्याचा धोका तसाच राहतो.