शांत निसर्गचित्र कसे पाहावे?

निसर्गचित्रासमोर उभे राहिल्यावर बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, 'हे ठिकाण कुठले?' उत्तर मिळाले की पाहणे संपते. वास्तविक आस्वाद तेथूनच सुरू व्हायला हवा. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान (निधन १९३१) यांची चित्रे त्याचा उत्तम पाठ देतात.

मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या आबालालांना राजर्षी शाहू महाराजांचा आश्रय लाभला. तथापि त्यांचे मन रमले ते कोटितीर्थ, रंकाळा आणि पंचगंगेच्या काठी. तेच पाणी आणि तीच झाडे त्यांनी निरनिराळ्या प्रहरी पुन:पुन्हा रंगविली. स्थळ तेच, बदलतो तो प्रकाश. म्हणूनच प्रथम शोधावे ते ऊन कुठून येते आणि सावल्या किती लांब पडल्या आहेत हे.

त्यानंतर रेषा पाहाव्यात. क्षितिज, बांध, पाण्याचा काठ अशा आडव्या रेषा डोळ्याला विसावा देतात. तिरप्या रेषा गती निर्माण करतात. मग रंग. दूरची झाडी फिकट व निळसर दिसते, कारण मध्ये हवेचा थर असतो. जवळचे रंग गडद व उबदार असतात. या फरकातूनच सपाट कागदावर मैलभराचे अंतर उभे राहते. पारदर्शक जलरंगात तर कोरा सोडलेला कागद हाच प्रकाश असतो.

शाहू महाराजांच्या निधनानंतर (१९२२) आबालालांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थातच बुडविली, असे सांगितले जाते. उरलेल्यांपैकी काही कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहेत. शहराने वेढण्यापूर्वीचा तलावाकाठचा निवांतपणा आज अशाच चित्रांतून अनुभवता येतो.

निसर्गचित्राला तळेच लागते असे मात्र नाही. बीड जिल्ह्यातील धर्मापुरी हे गाव केदारेश्वराच्या प्राचीन मंदिरासाठी ओळखले जाते. अशा मराठवाडी गावाच्या शिवारातील नांगरलेली काळी माती, एखादे बाभळीचे झाड आणि वर अफाट आकाश एवढे साहित्यही चित्रकाराला पुरेसे आहे. गावाकडे जाताना एसटीच्या खिडकीतून दिसणारे जे दृश्य आपण 'ओसाड' म्हणून सोडून देतो, त्यातील उजेड पाहण्याची सवय लावणे, हेच शांत निसर्गचित्राचे खरे देणे होय.