रोगाचे नाव आणि रोगाचे कारण : 'मदुरा पाया'च्या इतिहासातील एक प्रकरण

महाड तालुक्यातील वरंधच्या परिसरात भाताची चिखळणी व लावणी चालू असताना दिवसच्या दिवस पाण्यात उभे राहणाऱ्यांच्या पायांच्या बेचक्या पांढऱ्या पडतात, फाटतात व त्यांना कंड सुटते. ह्या विकारास 'चिखल्या' म्हणतात. बुरशी आणि जंतू ह्यांचे ज्ञान ह्या नावात नाही. परंतु रोग कोठून येतो हे त्यात स्पष्ट आहे, आणि पाय कोरडा ठेवावा हा उपायही त्यातच सुचविलेला आहे. 'गजकर्ण' हे नाव ह्याहून निराळे. ते केवळ चट्ट्याचा आकार सांगते.

वरंध घाट चढून भोरकडे गेले, की पाऊस उत्तरोत्तर कमी होत जातो. अनवाणी पायाला चिखलाऐवजी काटा भेटतो, अशा कोरड्या मुलखांतच कवकजन्य पादरोगाचा दुसरा, अधिक भयंकर प्रकार मुख्यतः आढळतो. काट्यावाटे मातीतील जीव पायात शिरतो; वेदना फारशी नसते, म्हणून रोगी वर्षानुवर्षे दुर्लक्ष करतो; पुढे पाय सुजतो, त्यास छिद्रे पडतात, त्यांतून बारीक कण बाहेर येतात आणि अखेर हाडही पोखरले जाते. मदुरा येथील दवाखान्यातून गिल ह्यांनी 1842 मध्ये ह्या रोगाची नोंद केली, आणि 1846 मध्ये कोलब्रुक ह्यांनी 'मदुरा पाय' हे नाव रूढ केले. हे नाव स्थलवाचक होते. कारणाविषयी ते मौन बाळगून होते.

कारणाचा शोध मुंबई इलाख्यात लागला. ग्रेच्या सुप्रसिद्ध शरीररचनाशास्त्राची चित्रे काढणारे हेन्री व्हॅनडाइक कार्टर 1858 मध्ये मुंबईस आले व ग्रँट मेडिकल कॉलेजात अध्यापन करू लागले. 1860 मध्ये त्यांनी हा रोग बुरशीजन्य असल्याचे प्रतिपादन केले. त्यांनी दिलेले 'मायसेटोमा' हे नाव ग्रीक असून त्याचा अर्थ 'बुरशीची गाठ' असा होतो. 1863 ते 1872 ह्या काळात ते साताऱ्यास सिव्हिल सर्जन होते. 1874 मध्ये त्यांचा ह्या रोगावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला.

कार्टर ह्यांनी काळ्या कणांचा व फिकट कणांचा असे दोन प्रकार नोंदविले. परंतु दोन्ही एकाच नावाखाली ठेवले. तेथेच घोटाळ्याचे बीज होते. 1894 मध्ये व्हिन्सेंट ह्यांनी फिकट प्रकारातील एक जीव वेगळा केला. तो तंतुमय असला, तरी बुरशी नसून जिवाणू आहे, हे पुढे निश्चित झाले. काळ्या प्रकारातील बुरशीस 1905 मध्ये ब्रुम्प्ट ह्यांनी 'मॅड्युरेला' ह्या वंशात स्थान दिले. दोन्ही जीवांच्या शास्त्रीय नावांत मदुरा पुन्हा अवतरले, हे लक्षणीय होय. स्थलवाचक नाव व्यवहारातून हटविले, तरी ते परिभाषेत टिकून राहिले.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. जिवाणूजन्य प्रकार प्रतिजैविकांनी व सल्फा वर्गातील औषधांनी बरा होऊ शकतो. बुरशीजन्य प्रकारावर ती निष्प्रभ ठरतात. त्यास इट्राकोनॅझोलसारखी कवकनाशके दीर्घकाळ द्यावी लागतात, आणि तरीही कित्येकदा पाय कापावा लागतो. काळा कण बुरशीचा समजावा. फिकट कण मात्र बहुधा जिवाणूंचा, क्वचित बुरशीचाही असतो. म्हणून कण तपासल्यावाचून औषधयोजना करणे धोक्याचे असते. जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग 2016 मध्ये उपेक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घातला.

मराठी परिभाषेच्या दृष्टीने ह्यातून एक बोध मिळतो. 'मायसेटोमा'चे शब्दशः भाषांतर केल्यास कार्टर ह्यांच्या काळातील अर्धसत्यही मराठीत उतरेल. 'बुरशीजन्य' आणि 'जिवाणूजन्य' अशी विशेषणे जोडून दोन्ही प्रकार पृथक् ठेवणे, हाच निर्दोष मार्ग होय. 'चिखल्या' ह्या शब्दाने कारणाचा दावा केला नाही, म्हणून तो कधी खोटा ठरला नाही. जे नाव कारणाचा दावा करते, त्याची मात्र प्रत्येक नव्या शोधाबरोबर फेरतपासणी होणे अवश्य आहे. कारण त्या नावावर रोग्याचा पाय अवलंबून असतो.