ध्वनीची ऊब म्हणजे काय?

ध्वनिसंचाची पारख करताना 'याचा आवाज उबदार आहे' असा शेरा जाणकारांच्या तोंडी नेहमी येतो. ऊब हा वास्तविक स्पर्शाचा अनुभव. तो कानाला लागू करताना नेमके काय अभिप्रेत असते, याचे बरेचसे उत्तर ध्वनिशास्त्रात सापडते.

माणसाला साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्झ वारंवारतेचे ध्वनी ऐकू येतात. त्यांपैकी सुमारे १०० ते ४०० हर्ट्झचा पट्टा उबेशी विशेष निगडित आहे. पुरुष गायकाच्या आवाजातील भरदारपणा आणि चेलोसारख्या वाद्याची गोलाई मुख्यतः याच पट्ट्यातून येते. हा पट्टा किंचित उठावदार व वरच्या वारंवारता किंचित सौम्य असल्या, की आवाज उबदार भासतो. याउलट स्थितीत तो कोरडा वा टोकदार वाटतो. मात्र उबेचा अतिरेक झाल्यास आवाज कोंडल्यासारखा होऊन शब्दांची स्पष्टता हरवते.

उबेचे दुसरे कारण म्हणजे उपस्वर. अ‍ॅम्प्लिफायर मूळ ध्वनीत स्वतःची थोडी भर घालतो. २४० हर्ट्झचा षड्ज घेतल्यास त्याचा दुसरा उपस्वर ४८० हर्ट्झचा, म्हणजे तार षड्ज असतो. तर तिसरा ७२० हर्ट्झचा, म्हणजे तार सप्तकातील पंचम असतो. हे दोन्ही मूळ स्वरात सहज मिसळतात. सातव्या किंवा त्यापुढील काही उपस्वरांचे मात्र रूढ स्वरांशी नीट जुळत नाही, त्यामुळे ते कानाला बोचतात. एकच ट्रायोड वापरणाऱ्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरमध्ये दुसऱ्या उपस्वराचे प्राबल्य असते. शिवाय क्षमतेबाहेर ताण आल्यास व्हॉल्व्ह ध्वनिलहरींचे माथे हळुवार दाबतो, तर ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर ते बहुधा एकदम छाटतो. व्हॉल्व्हच्या आवाजाला लाभलेल्या गोडव्याच्या लौकिकाचे हे एक कारण आहे.

संगीत सभागृहांच्या बाबतीत ही संकल्पना मोजमापात बसवण्याचा प्रयत्न झाला. अमेरिकी ध्वनितज्ज्ञ लिओ बेरानेक यांनी १९६२ च्या आपल्या ग्रंथात सभागृहाच्या उबेचा संबंध खालच्या वारंवारतांच्या निनादाशी जोडला. १२५ व २५० हर्ट्झचे ध्वनी सभागृहात किती काळ रेंगाळतात, याची तुलना ५०० व १००० हर्ट्झच्या ध्वनींशी करून हे गुणोत्तर काढले जाते. दैवदुर्विलास असा, की त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये उघडलेल्या फिलहार्मोनिक हॉलचे ध्वनिसल्लागार बेरानेक हेच होते आणि खर्जाचे स्वर दुबळे ऐकू येतात, ही त्या सभागृहाविषयीची एक प्रमुख तक्रार ठरली. अनेक दुरुस्त्यांनंतर अखेर १९७६ मध्ये त्याचे अंतरंग नव्याने उभारावे लागले.

घरच्या ध्वनिसंचाची ऊब पुष्कळदा यंत्रात नसून खोलीत असते. स्पीकर भिंतीलगत किंवा कोपऱ्यात ठेवल्यास खालचे स्वर आपोआप बळावतात. आवाजाच्या पातळीचाही परिणाम होतो. हळू आवाजात कान खालच्या स्वरांना तुलनेने कमी दाद देतो, हे फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले. त्यामुळे एक संच दुसऱ्यापेक्षा किंचित मोठ्याने वाजला, तरी तो अधिक भरदार वाटू शकतो. दोन संचांची तुलना करताना आवाजाची पातळी व स्पीकरची जागा सारखी ठेवणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

काटेकोर अर्थाने पाहता, यंत्राने घातलेली ऊब म्हणजे मूळ ध्वनीपासून झालेली फारकतच होय. गायकाच्या कंठात, वाद्याच्या लाकडात असलेली ऊब तशीच पोहोचवणे हे संचाचे काम. ती पदरची घालणारा संच कानाला सुखावेल, पण प्रत्येक गायकाला तो एकच शाल पांघरील.