काशाची वाटी: इंदापूर, 1973

1973 चा जुलै नुकताच लागलाय आणि तुम्ही इंदापुरात एका धाब्याच्या घराच्या पडवीत उकिडवे बसला आहात. तुकोबांची पालखी आज गावात मुक्कामाला आहे. पडवीत दिंडीतल्या बायका टेकल्यात. कुणी लुगडं वाळत घालतंय, कुणी बसल्या जागी पेंगतंय. तुमच्या पुढ्यात एक म्हातारी माउली भिंतीला पाठ लावून पाय लांब करून बसलीय. देहूपासून ती दीडशे किलोमीटरांच्या वर चालून आलीय. बेलवाडीच्या रिंगणात डोक्यावर तुळस घेऊन धावली, असं ती कौतुकानं सांगते. तिच्या टाचांच्या भेगांत वाटेवरची माती घट्ट बसलीय.

घरची आजी घमेल्यात कोमट पाणी आणून ठेवते. पाणी अगदी बेताचं, कारण गेल्या वर्षीचा दुष्काळ अजून घरातून गेलेला नाही. त्यात ती मूठभर मीठ टाकते. "आधी तुझं कोपर बुडवून बघ, लेकरा. मग त्यांचा पाय घाल. चालून चालून तळवे बधिर झालेत, चटका बसला तरी कळायचा न्हाई."

तुम्ही पाय धुता, माती सुटू देता, मग जुन्या लुगड्याच्या फडक्यानं टिपून घेता. बोटांच्या बेचक्यातसुद्धा. तिथं ओल राहिली की कातडी चिरते. उजव्या अंगठ्याखाली एक फोड आहे. "त्याला हात लावू नको," आजी म्हणते, "कडंकडंनं जा."

तेल करडईचं आहे, जेमतेम चार चमचे. चुलीच्या वैलावर वाटी ठेवून ते कोमट केलंय. आधी ते तुमच्या तळहातांवर चोळा, मग पायाला लावा. डाव्या हातात टाच पेलून धरा. पायाचा भार तुमच्या हातावर आला की समजा माउलीनं पाय सैल सोडला. तोवर दाबायला सुरुवात करू नका. आता उजवा अंगठा टाचेपासून बोटांकडे सरकवा, सावकाश, एकेक रेघ ओढत. घाईनं घासलं तर गुदगुल्या होतात आणि पाय आखडतो. तळव्याच्या खोलगट भागात अंगठा जरा थांबवा. एकेक बोट मुळापासून टोकापर्यंत हलकं ओढा. घोट्याभोवती बोटं गोल फिरवा. मग पोटरी दोन्ही तळहातांत धरून घोट्याकडून गुडघ्याकडे न्या. नडगीच्या हाडावर जोर देऊ नका, तिथं मांस नसतं, नुसतं दुखतं.

आजी काशाची वाटी पुढं करते. तिचं बूड तेल लावलेल्या तळव्यावर टेकवून ती गोल गोल फिरवायची. थोड्या वेळानं तळवा काळसर दिसू लागतो. अंगातली उष्णता उतरली, असं आजी म्हणते. काशात तांबं असतं. धातू, तेल आणि घाम यांच्या घर्षणानं तो काळेपणा येतो, एवढंच. पण माउलीचे डोळे मिटत आलेत, खांदे खाली आलेत, आणि तो आराम शंभर टक्के खरा आहे. पायाला तेल चोळण्याची महती चरकसंहितेत सांगितलेली आहे. या पडवीत तो ग्रंथ कुणी वाचलेला नाही, हात मात्र पिढ्यान्‌पिढ्या वळलेले आहेत.

दोन्ही पाय झाल्यावर आजी रिवाजाप्रमाणे माउलीच्या पाया पडते. माउलीही वाकून तिच्या पाया पडते आणि तिथंच तिचे हात धरून ठेवते. हात उलटे करून दिव्याच्या उजेडात बघते.

आजीच्या तळहातांवर घट्टे आहेत. गेलं वर्षभर ती दुष्काळी कामावर खडी फोडत होती. शेतात ज्वारी आली नाही, जनावरं विकली, मदतीत मिळालेल्या सुकडीवर दिवस काढले. (याच अनुभवातून पुढं 1977 साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा झाला, त्या कायद्यामागं असे हात आहेत, हे आपण विसरू नये.)

"बसा खाली," माउली म्हणते. वाटीत उरलेलं तेल ती बोटावर घेते. आजीचा हात मांडीवर उताणा ठेवते, आपले दोन्ही अंगठे तळहाताच्या मध्यावर टेकवते आणि कडांकडे सारते, पुन्हा पुन्हा, घट्टा चुकवत. अंगठा आणि तर्जनीमधला मांसल भाग चिमटीत धरून हळूहळू दाबते. दिवसभर हातोडी धरणाऱ्याचा हात तिथं भरून येतो. मग मनगट, मग एकेक बोट. आजी आधी "अहो, असू द्या, तुम्ही दमून आलाय," म्हणते. नंतर काही बोलत नाही. वर्षभरात तिचे हात असे कुणी हातात घेतले नसावेत.

उजाडताच दिंडी सराटीच्या वाटेला लागेल. तुम्ही आजच्या दिवसात परत या.

वारीच्या वाटेवर पाय चोळणारे हात आजही दिसतात. घरात मात्र ही गोष्ट मागं पडली आहे, आणि तिला खर्च असा काहीच नाही: कोमट पाणी, चार चमचे तेल, अर्धा तास. आई दिवसभर ओट्याशी उभी असते, वडील रानातून येतात. आज जेवणं उरकली की त्यांच्यापाशी बसा. एकच पाय सुजलेला, गरम, दुखरा असेल तर चोळू नका, डॉक्टरला दाखवा. मधुमेह असेल तर जखम आहे का ते आधी नीट बघा आणि पाणी कोपरानं तपासा. आणि तळव्याचं तेल कोरड्या फडक्यानं पुसल्याशिवाय कुणाला उठू देऊ नका. फरशीवर तेलकट पाय हमखास घसरतो.