सहा बेटांचा पॅरिश

न्यू ब्रन्सविक या ब्रिटिश वसाहतीच्या विधानसभेने १७८६ साली आपल्या आठ काउंट्यांचे पॅरिश पाडणारा कायदा केला. शार्लट काउंटीतल्या वेस्ट आयल्स या पॅरिशची हद्द सांगताना कायद्यात नुसती नावेच येतात: डीअर, कॅम्पोबेलो, ग्रँड मनान, मूस, फ्रेडरिक, डडली आणि त्यांच्या लगतची लहानसहान बेटे. यातली पहिली तीन आज कॅनडात आहेत, उरलेली तीन अमेरिकेत. असे का झाले, याचे उत्तर त्यानंतरच्या तीस वर्षांच्या दप्तरात आहे.

न्यू ब्रन्सविकमधला पॅरिश म्हणजे चर्चचा परिसर नव्हे, मुलकी कारभाराचा सर्वांत खालचा घटक. निवडून दिलेली पंचायत तिथे नव्हती. काउंटीचे दंडाधिकारी दरवर्षी पॅरिशचे कामदार नेमत: निराधारांची सोय पाहणारे, कर आकारणारे, रस्त्यांवर देखरेख ठेवणारे, कुंपणांचे तंटे मिटवणारे, कोंडवाडा सांभाळणारे. शार्लट काउंटीचे ठाणे होते मुख्य भूमीवरचे सेंट अँड्र्यूज. ग्रँड मनानच्या माणसाला तिथे जायचे तर खुला समुद्र ओलांडावा लागे.

हे बेट सुमारे १३७ चौरस किलोमीटरचे. पश्चिमेला उभे कडे, आपल्या दख्खनच्या कातळासारख्याच बेसाल्टचे. पूर्व किनारा सखल आणि बंदरांचा. नॉर्थ हेड, ग्रँड हार्बर, सील कोव्ह ही गावे तिकडेच. बेटाची निर्मनुष्य बाजू अमेरिकेतल्या मेनच्या किनाऱ्याकडे तोंड करून आहे, आणि तो किनारा न्यू ब्रन्सविकच्या मुख्य भूमीपेक्षा जवळ आहे.

वादाचे मूळ ब्रिटन आणि अमेरिका यांच्यातल्या १७८३ च्या तहात होते. अमेरिकेच्या किनाऱ्यापासून वीस लीगच्या आतली बेटे अमेरिकेची. मात्र जी त्या वेळी किंवा पूर्वी नोव्हा स्कोशियाच्या हद्दीत होती ती वगळून; न्यू ब्रन्सविक तेव्हा नोव्हा स्कोशियातच मोडत होते. या अपवादावर दोन्ही बाजूंना बोट ठेवता येत होते. त्याच वर्षअखेर नोव्हा स्कोशियाने मोझेस गेरिश आणि त्याच्या साथीदारांना ग्रँड मनानवर वस्ती करण्याचा परवाना दिला. सात वर्षांत पन्नास कुटुंबे वसवण्याची अट होती. ती पुरी झाली नाही, पण वस्ती टिकली. मूस बेटावर नेमके उलटे घडले. तिथे अमेरिकी लोक स्थायिक झाले आणि १७९८ मध्ये, मेन तेव्हा ज्याचा भाग होता त्या मॅसॅच्युसेट्सने त्याला ईस्टपोर्ट नावाने नगराचा दर्जा दिला. म्हणजे एकच बेट एका दप्तरात ब्रिटिश पॅरिशचा भाग होते आणि दुसऱ्यात अमेरिकी नगर.

दोन्ही देशांत युद्ध चालू असताना, जुलै १८१४ मध्ये ब्रिटिश फौजेने ईस्टपोर्ट घेतले. डिसेंबरात झालेल्या गेंटच्या तहाने बेटांचा निवाडा दोन आयुक्तांवर सोपवला: ब्रिटनचे टॉमस बार्कली आणि अमेरिकेचे जॉन होम्स. ब्रिटनची बाजू मांडणारा वॉर्ड चिपमन १७८६ च्या त्याच विधानसभेचा सदस्य होता. आयुक्तांची पहिली बैठक सप्टेंबर १८१६ मध्ये झाली. ग्रँड मनान वेस्ट आयल्सपासून तोडून स्वतंत्र पॅरिश झाला तोही १८१६ सालीच. मात्र नुसत्या तारखा जुळल्याने दावा बळकट करण्याचा हेतू सिद्ध होत नाही. कॅम्पोबेलो तर १८०३ मध्येच वेगळा झाला होता.

पुरावा म्हणून १७८६ चा कायदा किती वजनाचा? तो तहानंतरचा आहे. नोव्हा स्कोशियाची जुनी हद्द त्यातून ठरत नाही. त्यासाठी विल्यम अलेक्झांडरला मिळालेल्या नोव्हा स्कोशियाच्या १६२१ च्या सनदेपर्यंत मागे जावे लागे. हा कायदा फार तर सरकारचा दावा दाखवतो, ताबा नव्हे. २४ नोव्हेंबर १८१७ च्या निकालात मूस, डडली आणि फ्रेडरिक अमेरिकेला मिळाली. पासामाक्वॉडी उपसागरातली बाकीची बेटे आणि ग्रँड मनान ब्रिटनकडे राहिली. आपण दोघांनी आपापल्या मताचा काही भाग सोडला, असे आयुक्तांनीच लिहून ठेवले आहे. ज्यांच्या नावाने हा उपसागर ओळखला जातो, ते पासामाक्वॉडी लोक यातल्या कोणत्याही तहात पक्षकार नव्हते.

पुढे कारभार पॅरिशच्या हातून सरकत गेला. १८७७ च्या कायद्याने सर्वत्र निर्वाचित काउंटी परिषदा आल्या, आणि १ जानेवारी १९६७ ला न्यू ब्रन्सविकमधल्या रोबिशो सरकारच्या सुधारणांत त्या बरखास्त झाल्या. १९९५ मध्ये बेटावरच्या गावांचे मिळून ग्रँड मनान हे एकच व्हिलेज झाले. पॅरिश उरला तो कायद्यातल्या आणि जनगणनेतल्या विभागापुरता.

सीमेचा प्रश्न मात्र पुरता मिटलेला नाही. ग्रँड मनानच्या नैर्ऋत्येच्या मकायस सील बेटाचे नाव १८१७ च्या निकालात नाही. तिथला दीपस्तंभ १८३२ पासून आधी ब्रिटिशांनी आणि मग कॅनडाने चालवला, तरी अमेरिका आपला हक्क सोडत नाही. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९८४ मध्ये इथली सागरी सीमा आखली, तीही दोन्ही देशांच्या संमतीने हे बेट वगळून. परिणामी भोवतालच्या पाण्यात दोन्हीकडचे कोळी आजही आपापल्या देशाच्या नियमांनी लॉबस्टरचे सापळे टाकतात.